श्रावणातली दुरुस्ती

आमच्या घरात कुणी कसलीही बातमी आणली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "ऐकलं की बघितलं?" भाचीला मुलगी झाली, कोपऱ्यावरच्या दुकानात चांगला गूळ आलाय, पाण्याची मोटर बंद पडली, काहीही असो. यजमान वैतागतात. म्हणतात, "आपण नांदेडला परत येऊन जमाना झाला, पण ते संपादक काही तुझ्या जिभेवरून उठले नाहीत." खरं आहे ते. ज्या माणसाकडे मी फक्त चार वर्षं काम केलं, त्याचा प्रश्न माझ्याकडे कायमचा राहिला. राहू दे. तो माणूस मला फार आवडायचा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. यजमानांची बदली नव्या कचेरीत झाली आणि मी गोदावरीकाठची बाई अर्ध्या बादलीत अंघोळ करायला शिकले. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. घरात नुसतं बसून टँकरची वाट बघण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी प्रुफं तपासायचं काम शोधलं, आणि मिळालं ते गावातल्या एका जुन्या साप्ताहिकात. दर गुरुवारी अंक निघायचा. कचेरी म्हणजे एका डाळमिलच्या मागची लांबट खोली. मिल चालू झाली की टेबलावरची दौत हळूहळू कडेला सरकायची आणि ती पडण्याआधी पुन्हा मधे आणून ठेवणं हे माझं पहिलं काम होतं.

संपादकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला त्यांनी मुलाखतीत एकच विचारलं.

"बाई, मिलच्या दारात बैल बसलाय म्हणून आत्ता तुम्ही सांगितलात. ऐकलं की बघितलं?"

"बघितलं की. वळसा घालून आले."

"कोणत्या रंगाचा?"

"काळाबांडा."

"या उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी मूळ मजकुराशी प्रूफ ताडून बघायला बसले तर मूळ मजकूर सगळा उर्दूत! भाऊसाहेबांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं. भाषा मराठीच, पण हात उर्दू लिपीतच चालायचा. छपाईचे खिळे जुळवणारे चाँदभाई तो उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि डावीकडून उजवीकडे मराठी जुळवायचे. मी प्रूफ मोठ्यानं वाचायची, चाँदभाई कागदावर बोट ठेवून ऐकायचे आणि कुठं गाळलं असेल तर "ठैरो" म्हणायचे. असं आमचं तिघांचं मिळून एक साप्ताहिक चालायचं.

भाऊसाहेबांचा नियम असा, की जे आपण किंवा आपल्या ओळखीच्या माणसानं डोळ्यांनी बघितलं नाही ते छापायचं नाही. ऐकायला हा नियम फार थोर वाटतो. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला विचारा. जिल्हा झाला, मुंबईच्या पेपरांत छापून आलं, गावात पेढे वाटून झाले, तरी आमच्या पहिल्या पानावर नावाखाली 'जि. उस्मानाबाद' तसंच. लोक हसायला लागले. यजमानांना कचेरीत टोमणे बसायला लागले, कारण 'त्यांच्या बाई तिथं असतात'. भाऊसाहेब ढिम्म. म्हणाले, "कलेक्टर खुर्चीत बसलेला बघतो, मंग काढतो." एक दिवस ते खरंच नव्या कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. सकाळपासून दुपारपर्यंत. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, काय काम आहे. "काम न्हाई, बघायचंय," म्हणाले. शेवटी दार उघडलं, आत साहेब खुर्चीत बसलेले दिसले, तेव्हा उठून नमस्कार केला आणि निघून आले. येताच चाँदभाईंना सांगितलं, "बदला. बसलेत."

दुष्काळाचंही तेच. कुणा पुढाऱ्याचा माणूस चिठ्ठी घेऊन आला, की अमक्या गावच्या विहिरीला आमच्या प्रयत्नानं भरपूर पाणी लागलंय, फोटोसहित छापा. भाऊसाहेबांनी फोटो बाजूला ठेवला, एसटी धरली, गावच्या आडावर गेले, पोहरा सोडला. रिकामाच वर आला. तो पोहरा त्यांनी गावकऱ्यांकडून मागून आणला आणि कचेरीत दारावर टांगला. तो माणूस आठवड्यानं भांडायला आला, दारात वाकून आत शिरताना पोहरा डोक्याला लागला, वर बघितलं आणि काही न बोलता चहा पिऊन गेला. चहा मात्र भाऊसाहेब सगळ्यांनाच द्यायचे.

नियम कशातून आला हे मला पहिल्याच श्रावणात कळलं.

खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी घोडीवर, अगदी वरच्या कोपऱ्यात, दोऱ्यानं बांधून ठेवलेला एक जुना मजकूर होता. छापून झालं की खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकतात, म्हणजे पुढच्या अंकाला वापरता येतात. हा मजकूर मात्र कधीच सोडवला जायचा नाही. खिळे झिजून गुळगुळीत झालेले, दोरा काळा पडलेला. श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात चाँदभाईंनी तो तसाच उचलून पानात बसवला आणि त्याचं प्रूफ मला दिलं. त्यात असं होतं:

'दुरुस्ती. धामधुमीच्या वर्षी आमच्या पत्रकात उदगीरचे श्री. शिवलिंगअप्पा मारले गेल्याची बातमी चुकीने छापली गेली. ते हयात आहेत. या चुकीमुळे त्यांचा ठरलेला विवाह मोडला व त्यांच्या आयुष्याचे जे नुकसान झाले, त्याबद्दल संपादक दरसाल क्षमा मागतात.'

मी दोनदा वाचलं. "चाँदभाई, हे कधीचं?"

"हर साल का है, बाई. तीस साल के ऊपर हो गए."

निजामाचं राज्य मोडायच्या आधीचं ते वर्ष. गावोगाव माणसं माणसांवर उठली होती. भाऊसाहेब तेव्हा विशी-बाविशीचे, सरहद्दीपलीकडे बार्शीकडच्या कॅम्पात होते. तिथून ते सायक्लोस्टाइलवर दोन पानांचं पत्रक काढायचे आणि लोक ते चोरून गावागावांत न्यायचे. त्यात भाषणं असायची, लढ्याच्या बातम्या असायच्या, पण लोक आधी उलटायचे ते शेवटचं पान. तिथं 'सुखरूप' म्हणून नावांची यादी असायची. अमक्या गावचा अमका सोलापुरात पोचला, तमकीची दोन्ही मुलं कॅम्पात आहेत. भाऊसाहेब सांगायचे, आख्खं गाव एका कागदाभोवती बसायचं, आणि आपल्या माणसाचं नाव आलं की बाया रडायच्या.

एका आठवड्याला उदगीरकडून आलेल्या माणसानं सांगितलं, की आडत्याच्या पोराला, शिवलिंगअप्पाला, स्टेशनाजवळ गाठून मारलं. सगळं तपशीलवार. कपडे कोणते होते तेसुद्धा. भाऊसाहेबांनी विश्वास ठेवला आणि छापलं.

अप्पा मेले नव्हते. कडब्याच्या गाडीत लपून बिदरकडे बहिणीच्या घरी पोचले होते. पण पत्रक उदगीरला पोचलं आणि त्यांच्याशी जिचं लग्न ठरलं होतं, त्या मुलीच्या बापानं घाबरून तिला महिन्याच्या आत सोलापुरात दुसऱ्या घरी देऊन टाकलं. पोलीस ॲक्शननंतर अप्पा परत आले तर त्यांच्या आईनं भूत समजून दार लावून घेतलं. आणि एकदा मेलेल्या माणसाला पुन्हा मुलगी द्यायला कुणी तयार होईना. शेवटी देवणीकडची एक आईवेगळी मुलगी मिळाली, अप्पांपेक्षा दीड वर्षानं मोठी, म्हणून मागं राहिलेली. छापील पत्रिका नाही, वाजंत्री नाही, घाईघाईत लग्न लागलं.

भाऊसाहेबांनी लातुरात साप्ताहिक काढलं ते पहिल्या श्रावणापासूनच या दुरुस्तीसह.

यातली खरी गंमत अशी, की अप्पांना ती दुरुस्ती मुळीच नको होती. दरवर्षी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ते उदगीरहून यायचे. गोल, गोरे, कपाळाला विभूती, हातात शेंगाच्या चटणीचा डबा. आल्या आल्या भांडण सुरू.

"भाऊसाहेब, औंदा छापू नका. मोंढ्याच्या बाजारात लोकं इचारतेत, अप्पा, औंदा हाव का गेलाव?"

"हाव का न्हाई?"

"हाव की! हे काय तुमच्यासमोर बसलोय."

"बघितलं," भाऊसाहेब म्हणायचे. मग वळून, "चाँदभाई, अप्पा हयात हैं. घोडी से उतारो."

अप्पा डोक्याला हात लावायचे. नको म्हणायला यावं तर तेच जिवंत असल्याचा पुरावा होऊन बसायचं. चटणी खाऊन, चहा पिऊन, हरून ते संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मी पहिली दोन वर्षं हे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसले.

तिसऱ्या वर्षी अप्पांनी डोकं चालवलं. ते आलेच नाहीत. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी उदगीरच्या गाडीचा कंडक्टर निरोप घेऊन आला, "अप्पा म्हनले, औंदा येत न्हाई. छापू नका."

भाऊसाहेबांच्या हातातली लेखणी थांबली. "तुम्हाला अप्पा सोता म्हणले?"

"न्हाई, त्यांच्या दुकानातला गडी सांगून गेला."

"अप्पांना तुम्ही बघितलात?"

"न्हाई बा."

कंडक्टर गेला. भाऊसाहेब जागेवरून उठले, टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मी त्यांना चार वर्षांत घाबरलेलं तेवढं एकदाच पाहिलं. एवढी वर्षं हा माणूस दरवर्षी दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी बघून घेत होता आणि या वर्षी फक्त ऐकत होता.

"बाई, चला उदगीरला."

आम्ही त्याच कंडक्टरच्या परतीच्या गाडीनं निघालो. खिडकीतून दोन्हीकडे नांगरून ठेवलेली कोरडी रानं दिसत होती, श्रावण असून हिरवं काही नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की इतक्या वर्षांत ते अप्पांच्या घरी एकदाही गेलेले नाहीत. अप्पाच यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं जावं?"

अप्पांचं घर किल्ल्याच्या वाटेवर, दगडी, पुढं ओटा. ओट्यावर एक ठेंगणी, सावळी, पांढऱ्या केसांची बाई शेंगा फोडत बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि खाली रुपयाएवढं कुंकू. कुंकू बघून भाऊसाहेबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. या अप्पांच्या बायको, महानंदाबाई.

"अप्पा हाईत का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"घरी न्हाईत," बाई म्हणाल्या. आणि तेवढ्यात आतल्या दारामागून अप्पांचा ओळखीचा खोकला आला.

भाऊसाहेब ओट्याच्या कडेला बसले. "बसतो मी. बघून जातो."

बाई शेंगा फोडायच्या थांबल्या. "लातूरचे पेपरवाले तुमीच न्हवं?"

"हाव."

"मंग बरं झालं आलाव. मला एक इचारायचं हाय." त्यांनी सूप बाजूला सारलं. "मला वाचता येत न्हाई. पन दर साली तुमचा पेपर आला की आदी पोरगं, आता नातू वाचून दावतो. त्यात काय असतंय, अप्पाच्या आयुष्याचं नुसकान झालं. एक साल न्हाई, तीस साल आयकते मी. मला सांगा, ज्या पोरीसंगं लगीन व्हायचं ती गेली आन् मी आले. मंग ते नुसकान म्हंजे मीच की न्हवं?"

मी जमिनीकडे बघत होते. मीसुद्धा ते प्रूफ दोन वर्षं वाचलं होतं, प्रत्येक अक्षर तपासलं होतं, आणि ही बाई मला त्यात दिसली नव्हती. मला स्वतःची फार लाज वाटली.

"दर श्रावणात दोन रोज मी यांच्यासंगं बोलत न्हाई," बाई म्हणाल्या. "यांना कामून ते कळालंच न्हाई. म्हंतेत, उपासानं डोकं फिरतंय तुझं."

दारामागचा खोकला एकदम बंद झाला.

"आन् लोकं म्हंतेत, तुमी बघितल्याबिगर छापत न्हाई म्हनून." बाईंचा आवाज चढला नव्हता. शेतमालाबद्दल विचारावं तसं त्या विचारत होत्या. "मंग हे नुसकान तुमी आयकलाव का बघितलाव?"

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. गावातल्या पुढाऱ्यांना, कचेरीतल्या साहेबांना, मला, चाँदभाईंना ज्यांनी हा प्रश्न विचारून विचारून जेरीला आणलं होतं, त्यांना तो आज दुसऱ्या कुणीतरी विचारला होता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ऐकलं, अक्का. बघितलं न्हाई."

"मंग या आत. बघा."

आणि त्या माणसानं बघितलं. बाईंनी आम्हाला घरभर फिरवलं. देवघर, धान्याची कोठी, सुनांच्या खोल्या, मागचा गोठा. तीन मुलं, दोन मुली, नातवंडं किती ते मोजायला ती एका जागी थांबेनात. दुष्काळ म्हणून माठात पाणी बेतानं होतं, पण माठ घासून लख्ख. अप्पा दारामागून बाहेर आले, खाली मान घालून आमच्या मागून चालू लागले. कुठल्याशा कोनाड्यापाशी त्यांनी हळूच मला विचारलं, "ताई, खरंच दर साली याच्यामुळं बोलत नव्हती का ओ?" मी म्हटलं, "अप्पा, मला काय विचारता? त्यांना विचारा." तर म्हणाले, "भ्या वाटतंय."

मग जेवण झालं. भाकरी, शेंगाची चटणी, वरण, आणि पाहुणे आले म्हणून हुग्गी. गव्हाची ती घट्ट, गुळाची खीर बाईंनी भाऊसाहेबांच्या ताटात दोनदा वाढली आणि समोर बसून खाताना बघितलं. निघताना त्या म्हणाल्या, "गुरवारी पेपर निघतो न्हवं? मी येते. तुमी बघितल्याबिगर छापत न्हाई, मी बघितल्याबिगर मानत न्हाई."

परतीच्या गाडीत भाऊसाहेब खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होते. मध्येच म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं मोठ्या मनानं माफी मागतोय असं मला वाटत होतं. माझा पेपर चुकीचाच निघत होता." असं म्हणून पुन्हा हसले. तेवढं मोकळं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मशीन सुरू झालं तेव्हाच उदगीरची पहिली गाडी आली. पुढं महानंदाबाई, हिरव्या इरकली लुगड्यात, मागं डबा धरून अप्पा. बाईंनी आयुष्यात छापखाना बघितला नव्हता. दारातून वाकून आल्या, टांगलेला पोहरा बघितला, हातानं बाजूला केला आणि सरळ मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. चाँदभाईंनी "आओ अम्मा" म्हणून त्यांना वरचा ओला कागद काढून दिला. त्यांनी तो माझ्याकडे दिला. "वाचा."

नेहमीच्याच कोपऱ्यात, मथळा नसलेल्या दोन ओळी होत्या. मी मोठ्यानं वाचल्या.

'उदगीर येथील सौ. महानंदाबाई व श्री. शिवलिंगअप्पा सुखरूप आहेत. त्यांच्या घरी आम्ही स्वतः जाऊन पाहिले. नुकसान झालेले कोठेही दिसले नाही.'

अप्पा मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. "पुन्यांदा वाचा," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

तेवढ्यात माझं लक्ष मागं गेलं. भाऊसाहेब घोडीपाशी उभे होते. त्यांनी तो जुना बांधलेला मजकूर खाली घेतला होता आणि चष्मा कपाळावर सारून दोऱ्याची गाठ सोडत होते. ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. मग एकेक खिळा उचलून, बोटानं चाचपून, ते ज्याच्या त्याच्या खणात टाकायला लागले. हे खरं तर चाँदभाईंचं काम. चाँदभाई पुढं झाले तर भाऊसाहेबांनी मानेनं नको म्हटलं. इतकी वर्षं एकत्र बांधलेली अक्षरं सुटी व्हायला बराच वेळ लागला.

"यात माझं नाव कुठं हाय?" महानंदाबाईंनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांच्या लग्नाची पत्रिका निघाली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. त्यांनी बोट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. मी पुसायला चिंधी पुढं केली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि काळं झालेलं बोट तसंच सांभाळत चहा घ्यायला बसल्या.